अकिलीस या नावाबाबत खुलासा

"नाव?" असं विचारताना ते चष्मा कपाळावर चढवायचे. समोरच्यानं नाव सांगितलं की चष्मा पुन्हा नाकावर घ्यायचे आणि म्हणायचे, "अर्थ?"

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस आला असेल, ज्याच्या समोरून जाताना आपण उगाच पाय उचलून चालतो. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं आणि त्यांच्या समोरून जायचं टाळायचं. धाक माराचा नव्हता. त्यांनी छडी वापरलेली मी कधी पाहिली नाही. धाक त्या एका शब्दाचा होता.

नवीन महाराष्ट्राची ती पहिली-पहिली वर्षं. मी एकोणीस वर्षांचा, नेमणुकीचा कागद आणि पत्र्याची ट्रंक घेऊन डोणगावला एसटीतून उतरलो आणि तीन कोस काळ्या रानातून चालत शाळेत पोचलो. गुरुजी व्हरांड्यात बसून टाकांची निबं पुसत होते. कागदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"नाव?"

"वसंत."

"अर्थ?"

"एक ऋतू आहे, गुरुजी. झाडांना पालवी फुटते तो."

"मंग तोंड असं वाळलेलं काऊन हाय? जा, रांजणातलं पाणी प्या."

अशी माझी नोकरी सुरू झाली. पुढे एकदा तपासणीला साहेब आले तेव्हा गुरुजींनी त्यांनाही सोडलं नाही. साहेबांचं नाव भालचंद्र. अर्थ विचारल्यावर ते ऐटीत म्हणाले, "ज्याच्या कपाळावर चंद्र आहे तो." साहेबांच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हते आणि दुपारचं ऊन नेमकं तिथंच पडलं होतं. चौथीचा वर्ग हसला, मग तिसरीचाही हसला. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'मुख्याध्यापक चौकस आहेत.' हा शेरा गुरुजी पुढे कितीतरी दिवस येईल त्याला दाखवत होते.

त्यांचं स्वतःचं नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. सही करायचे ती 'मु. अ.' एवढीच. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "माहं नाव रजेवर हाय, मास्तर." मी पुन्हा विचारलं नाही.

त्यांच्या या वेडाला एक कारण होतं, ते मला हळूहळू कळलं. आमच्याकडे पहिली एक-दोन मुलं जगली नाहीत की पुढच्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलायचे आणि त्याचं नाव उकिरडा, धोंडू, दगडू असं काहीतरी ठेवायचे. असल्या नावाकडे मरण ढुंकूनही पाहत नाही, अशी समजूत. मूल जगायचं, पण जन्मभर त्या हाकेला ओ द्यायचं. गुरुजी बौद्धवाड्यातले. धर्मांतरानंतर त्या वस्तीत नावं बदलायची मोठी उमेद आली होती. शाळेत नाव घालायला आलेल्या आईबापांना गुरुजी समोर बसवायचे, चांगलं नाव सुचवायचे, अर्थ समजावायचे आणि मगच दाखलखारीज रजिस्टरात लिहायचे. जुन्या विद्यार्थ्यांची नावंसुद्धा ते लाल शाईनं छेद देऊन बदलायचे आणि बाजूला लिहायचे, 'चूकदुरुस्ती.' हे नियमात कितपत बसत होतं, ते मी विचारलं नाही. ते जिला चूक म्हणत होते, ती चूक होतीच.

याच्यामुळे झालं काय, की चार-पाच वर्षांत रजिस्टरात सात अशोक, पाच मिलिंद आणि नऊ सिद्धार्थ झाले. हजेरीला मी "अशोक" म्हटलं की निम्मा वर्ग उभा राहायचा.

अशात एके दिवशी कचरू आला.

कचरू आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला, डोणगावच्या बाजारात हमाल होता. ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन तो असा चालायचा, जसे आपण टॉवेल खांद्यावर टाकून चालतो. आमच्याच शाळेत दुसरी शिकलेला. एवढा धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"लग्न ठरलं, गुरुजी."

"बरं झालं. मंग तोंड काऊन पाडलं?"

"पोरगी म्हणते, उखाण्यात असं नाव मी घेणार नाही. नाव बदलाले सांगा, नाही तर दुसरी पाहा म्हणते. अन् तिच्या माहेरी नाही, माह्याकडं नाही, असं नाव पाह्यजे म्हणते."

पोरीचं नाव शांता. देऊळगाव राजाकडची, चौथी पास. गुरुजींनी ते ऐकलं आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. त्यांना आनंद झाला की ते चष्मा पुसत.

"पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. "तिच्या तोंडात बसलं पाह्यजे असं नाव देऊ."

आता इथं गुरुजींच्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. बुलडाण्याच्या बाजारात रद्दीतून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक उचललं होतं, ग्रीक वीरांच्या गोष्टींचं. शाळेत शनिवारी दुपारी ते त्यातली गोष्ट सांगत. त्यांचा लाडका वीर अकिलीस. आईनं लहानपणी जादूच्या नदीत बुचकळून काढलेला, म्हणून त्याच्या अंगावर कोणतंच हत्यार चालत नसे. फक्त पुस्तकाची मागची पानं वाळवीनं खाल्ली होती. गोष्ट रथाच्या धुरळ्यात मध्येच थांबायची. पोरं विचारायची, "पुढं काय झालं, गुरुजी?" गुरुजी म्हणायचे, "पुढं काय होते? जिंकला असेल."

त्यांनी रजिस्टर उघडलं, कचरू या नावावर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, अकिलीस.

मी म्हणालो, "गुरुजी, ग्रीक नाव?"

"मिलिंद राजा कोण होता, मास्तर? ग्रीकच ना? मिलिंद चालते, मंग अकिलीस काऊन नाही? एका गावचेच समजा."

कचरूनं, म्हणजे आता अकिलीसनं, ते नाव चार वेळा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग तो हसला. दाखला घडी करून त्यानं मुंडाशात खोवला आणि जाताना दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलं. वाकायचं विसरला होता.

लग्न बौद्ध पद्धतीनं झालं, पण उखाणा काही कोणी सोडला नाही. बायकांनी शांताला घेरलं. मांडवात शंभर माणसं, आणि हे नाव पोरगी कशात बसवते म्हणून सगळे कान टवकारून. तिनं पदर सावरला आणि ठणठणीत आवाजात म्हटलं,

"ज्वारीच्या ताटाले मोत्यावाणी कणीस,
साऱ्या गावात एकलेच माहे धनी अकिलीस."

मांडवात नुसता गलका झाला. गुरुजी चष्मा पुसत होते. शांतानं लगेच, आता तुम्ही घ्या याहून चांगला उखाणा, म्हणून बायकांना आव्हान दिलं. तेवढ्यात तिचे मामा उठले. सकाळीच गुरुजींनी त्यांना मांडवाच्या दारात गाठलं होतं. मामांचं नाव पुंडलिक आणि अर्थ काही त्यांना सांगता आला नव्हता. तो राग त्यांनी जेवणभर सांभाळून ठेवला होता.

"गुरुजी," मामा म्हणाले, "जावयाचं नाव तं मोठं हाय. अर्थ?"

सगळा मांडव गुरुजींकडे वळला. तुम्ही त्या वेळी तिथं असायला हवं होतं. ज्यांना ज्यांना म्हणून त्यांनी आजवर अडवलं होतं, ती सगळी माणसं पत्रावळी हातात घेऊन उभी होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. शांताही बघत होती. ती हसत नव्हती. तिला खरोखरच अर्थ हवा होता.

गुरुजींनी चष्मा वर केला, खाली केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अर्थ न पाहता नाव दिलं होतं.

"पत्र लिहिलं हाय," ते म्हणाले. "उत्तर आलं की सांगतो."

पत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, माझ्यासमोर. त्यांच्या ओळखीतल्या एकाचा भाऊ नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायचा. त्याला अर्ध्या पानात नमस्कार आणि अर्ध्या पानात प्रश्न. आमच्याकडे टपाल आठवड्यातून दोनदा येई. त्या दोन्ही दिवशी शाळेच्या व्हरांड्यात गावातली चार-पाच रिकामी माणसं उगाच येऊन बसू लागली. पोस्टमन पिशवी उघडायच्या आधीच सांगायचा, "नाही आलं."

आलं ते महिन्यानं. मधली सुट्टी होती. गुरुजींनी ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

प्राध्यापकांनी सविस्तर लिहिलं होतं. अकिलीसला आईनं नदीत बुचकळताना टाचेला धरलं होतं, म्हणून टाच कोरडी राहिली आणि तिथंच बाण लागून तो ऐन तारुण्यात मेला. नावाचा अर्थ खात्रीनं सांगता येत नाही, पण काही विद्वान तो 'लोकांचं दुःख' असा लावतात.

घंटा द्यायची वेळ टळून गेली, पोरं खुशाल खेळत राहिली.

"नाव देताना म्या त्याले उकिरड्यावरून उचललं, मास्तर," ते शेवटी म्हणाले, "अन् कुठं नेऊन ठेवलं पाहा."

मी म्हणालो, "गुरुजी, कोणाला कळतंय? काहीही सांगा. शूर म्हणा, बलवान म्हणा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा रांजणातलं पाणी प्यावंसं वाटलं. "खोटा अर्थ सांगू? मी?"

बाजाराच्या दिवशी त्यांनी अकिलीस, शांता आणि येतील तेवढी माणसं शाळेत बोलावली. मामाही मुद्दाम आले होते. गुरुजी उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "नागपूरहून उत्तर आलं. अकिलीस म्हणजे लोकांचं दुःख," आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाले, "वाहणारा."

माणसं पांगल्यावर मी म्हणालो, "वाहणारा हे पत्रात नाही."

"पत्रात नाही," ते म्हणाले. "पण हमालाचं नाव हाय ना? हमालाजवळ गेलेलं दुःख वाहलं तं जाईनच."

आता टाच. टाचेचं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, पण पुढच्याच आठवड्यात डोणगावच्या चांभाराकडून अकिलीससाठी जोडे शिवून आणले. वहाणा नव्हेत, टाच पूर्ण झाकणारे जाड कातड्याचे जोडे. हमाल माणूस अनवाणी चालतो, बोटांनी जमीन धरतो. पहिल्याच दिवशी अकिलीस जोडे घालून पोतं उचलायला गेला आणि पोत्यासकट बसला. सगळा बाजार हसला. पण "मोठ्या नावाच्या माणसानं जोडे घालावे" असं गुरुजी म्हणाले होते, म्हणून त्यानं ते सोडले नाहीत. गुरुजी येता-जाता आधी त्याच्या पायांकडे पाहत, मग तोंडाकडे. स्वतः मात्र तळ झिजलेल्या वहाणा ओढत फिरायचे. टाचांना अशा भेगा की ज्वारीचा दाणा बसावा. रविवारी त्यात मेण भरायचे.

पावसाळा आला आणि त्या अर्थानं खरा घोळ केला.

आमच्या काळ्या मातीत पाऊस पडला की बैलगाडी आसापर्यंत फसते. आजारी माणसाला डोणगावच्या डॉक्टराकडे न्यायचं तर खांद्यावरच. आधी लोक चार माणसं शोधायचे. आता त्यांना एकच माणूस आठवू लागला. त्याचं नावच तसं आहे म्हणायचे. अकिलीसनं एक बाळंतीण नेली, एक पाय मोडलेला म्हातारा नेला, तापानं फणफणलेली दोन लेकरं एकदम नेली. तो नाही म्हणायचा नाही, कारण नाव आपलं होतं. मग कोणी सरपण आणायला बोलावलं. कोणाची सासू चिखलातून चालायला तयार नव्हती, तिला बाजाराला न्यायला बोलावलं. हाक मात्र जुनीच, "ए कचऱ्या."

एका दुपारी शांता शाळेत आली. सगळे वर्ग तिच्याकडे पाहू लागले.

"गुरुजी, तुम्ही नाव देलं का वेठ देली?"

गुरुजी उठून उभे राहिले.

"आमच्या सासऱ्यानं वेठ सोडली. साऱ्या वाड्यानं सोडली. अन् तुम्ही ती नावात घालून यांच्या पाठीवर परत देली. आजाऱ्याले न्या, मी नाही म्हणत नाही. पण काल पाटलाच्या घरचा पाटा वाहून आणला यांनी. पाट्याले काय दुःख व्हतं?" तिचा आवाज जरा खाली आला. "अर्थ थोडा कमी करून द्या, गुरुजी."

मला हसू येत होतं, पण गुरुजींकडे पाहिल्यावर ते आलं तसं गेलं. तिनं 'वेठ' म्हटलं तेव्हा कोणीतरी चापट मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. संध्याकाळी शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात हे लिहिलेलं होतं:

'अकिलीस या नावाबाबत खुलासा. एक, दुःख म्हणजे आजारपण व अपघात. सरपण, पाटे, पाहुणे व चालू शकणाऱ्या सासवा यांचा त्यात समावेश नाही. दोन, नाव पूर्ण व आदरानं घेतल्याशिवाय दुःख उचललं जाणार नाही. मु. अ.'

गाव आठ दिवस त्या फळ्यापुढे उभं राहून हसत होतं. नवव्या दिवशी पाटलांची कंबर लचकली.

पाटील म्हणजे गावातला सगळ्यात मोठा आवाज. सकाळी विहिरीवर वाकले ते तसेच राहिले. गड्यांनी त्यांना ओसरीवर आणून आडवं केलं. अकिलीसला निरोप गेला. तो आला, जोडे घालून, आणि ओसरीखाली उभा राहिला. त्याच्या मागे छत्री घेऊन गुरुजी, गुरुजींच्या मागे मी.

"चाल बे कचऱ्या, उचल," पाटील कण्हत म्हणाले.

अकिलीस हसऱ्या चेहऱ्यानं उभाच.

"बहिरा झाला का बे?"

"त्याले ऐकू येते, पाटील," गुरुजी म्हणाले. "ते नाव रजिस्टरात नाही."

पाटलांनी गड्यांकडे पाहिलं. गडी कौलं मोजत होते. पाटलीणबाई दाराआडून म्हणाल्या, "घ्या ना हो एकदाचं नाव. त्या पोरीनं तं उखाण्यात घेतलं."

"अकिल्या," पाटील म्हणाले.

"पूर्ण," गुरुजी म्हणाले.

कंबरेतून एक कळ आली. पाटलांनी डोळे मिटले आणि दातांमधून एकेक अक्षर सोडलं, "अकिलीस... राव."

'राव' कोणी मागितलं नव्हतं. कळ जोराची असावी. अकिलीसनं त्यांना हळूच, लहान लेकरासारखं उचललं आणि तीन कोस नेलं. वाटेत पाटलांनी त्याला म्हणे सहा वेळा हाक मारली, सहाही वेळा पूर्ण. त्यानंतर गावात दुसरी हाक राहिली नाही. पोरं, म्हातारे, गिरणीवाला, सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं.

तशीच दोन-तीन वर्षं गेली. आणि एका भाद्रपदात बाभळीचा काटा गुरुजींच्या झिजलेल्या वहाणेतून वर आला आणि टाचेत मोडला.

त्यांनी तो सुईनं स्वतःच कोरून काढला, वर हळद दाबली आणि शाळेत आले. त्यांना साखरेचा आजार होता, हे मलाही तेव्हाच कळलं. चौथ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला, ताप चढला. साऱ्या गावाच्या पायांकडे पाहत फिरणाऱ्या या माणसानं स्वतःची टाच तेवढी पाहिली नव्हती. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्यावर ओरडलो. ते म्हणाले, "मास्तर, अकिलीसले बोलवा. पूर्ण नावानं."

पाऊस लागलेला. अकिलीसनं त्यांना पाठीवर घेतलं, मी छत्री धरून बाजूनं चाललो. त्यांच्या अंगात वजन असं नव्हतंच. नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. अकिलीसनं जोडे काढून गळ्यात अडकवले आणि पाण्यात उतरला. मध्यावर गेल्यावर गुरुजींना शुद्ध आली.

"जोडे कुठं हायेत?"

"गळ्यात हायेत, गुरुजी."

"गळ्याले टाच असते का बे? घाल."

"पाण्यातून निघाल्यावर घालतो."

"आधी घाल. नाही तं मले इथंच ठेव."

मग मी नाल्याच्या मध्यावर गुरुजींना मागून आधार दिला आणि अकिलीसनं एकेक पाय वर घेत ओले जोडे घातले. माझी छत्री वाहून गेली ती तिथंच.

पलीकडच्या चढावर गुरुजी त्याच्या कानाशी बोलू लागले. मी जवळच होतो, मला ऐकू येत होतं.

"एक सांगाचं हाय तुले. नागपूरच्या पत्रात निस्तं लोकांचं दुःख होतं. वाहणारा म्या लावला."

अकिलीस चालत राहिला. "मले वाटलंच होतं."

"काऊन?"

"त्या दिवशी अर्थ सांगतानी तुम्ही चष्मा खाली घेतला नव्हता."

गुरुजींनी भिजलेला चष्मा नाकावर नीट घेतला. मग म्हणाले, "राग आला?"

"नाही, गुरुजी. वापरून पाह्यला म्या. चांगला हाय. टिकते."

गुरुजींनी त्याच्या खांद्यावर गाल टेकला. मला रडू येत होतं, पण पावसात ते कोणाला दिसत नव्हतं, म्हणून मी मोकळेपणानं रडलो. डोणगावला मेहकरची गाडी मिळाली. तिथून त्यांना बुलडाण्याच्या दवाखान्यात नेलं. सहाव्या दिवशी ते गेले.

शाळा माझ्याकडे आली. 'मु. अ.' अशी सही करायला माझा हात कितीतरी दिवस तयार नव्हता.

त्याला काही वर्षं झाल्यावर, एका जूनमध्ये अकिलीस आणि शांता मुलाला घेऊन नाव घालायला आले. घरी त्याला बाळ्या म्हणत. शाळेतलं नाव गुरुजी ठेवणार म्हणून यांनी ठेवलंच नव्हतं, आणि पुढे ते तसंच राहून गेलं होतं.

"गुरुजीचं खरं नाव द्या याले," अकिलीस म्हणाला.

"मला ठाऊक नाही."

"ते याच शाळेत शिकले व्हते ना?" शांता म्हणाली.

हे मला कधी सुचलं नव्हतं. कपाटाच्या तळातून मी सगळ्यात जुनं रजिस्टर काढलं. पानं फुटाण्याच्या सालीसारखी झाली होती. अर्ध्या तासानं नोंद सापडली. वडिलांचं नाव आणि आडनाव सगळ्या वाड्याला ठाऊक होतं, ते जुळलं. आणि विद्यार्थ्याच्या नावाच्या रकान्यात तेच नाव होतं, जे त्यांनी अकिलीसच्या नोंदीवरून लाल शाईनं खोडलं होतं. अर्ध्या गावाच्या चुका दुरुस्त केल्या त्यांनी. ही तशीच होती. स्वतःच्या नोंदीवर स्वतः सही करता येत नाही, एवढा एक नियम त्यांनी पाळला होता.

मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. शांतानं वाचून दाखवलं. अकिलीस त्या अक्षरांवर बोट ठेवून बसला.

"म्हणजे आपलंच नाव माह्या अंगावरून काढलं व्हय त्याहीनं," तो म्हणाला.

मग शांतानं विचारलं, "मास्तर, लाल शाई हाय का?"

होती. मी त्या जुन्या नावावर रेघ मारली आणि विचारलं, "वर काय लिहू?"

"गुरुजी लिहा," शांता म्हणाली.

मी लिहिलं. बाजूला 'चूकदुरुस्ती' लिहिलं, खाली सही केली. मग नवीन रजिस्टर पुढे ओढलं.

"आणि याचं?"

"मिलिंद," ती म्हणाली. "सहावा चालते."

तेही लिहिलं. शाई वाळेपर्यंत टीपकागद हातात धरून मी थांबलो. नावानंतरचा तो एक शब्द कोणीतरी विचारायचा राहिलाय, असं तिघांनाही वाटत होतं. व्हरांड्याकडे पाहत आम्ही थोडा वेळ तसेच बसून राहिलो.